हाताची घडी, तोंडावर बोट

पहिलीचा वर्ग. बाई फळ्याकडे वळण्याआधी एकच हुकूम सोडतात, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि सगळी पोरं एका झटक्यात तशी बसतात. महाराष्ट्रात ज्याचं बालपण गेलं त्याला या आसनाचा अर्थ सांगावा लागत नाही. गप्प बसा, इकडे लक्ष द्या, एवढंच. आता हाच वर्ग देहबोलीच्या खपाऊ पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहावा. हाताची घडी म्हणजे मनाची कवाडं बंद, समोरच्याला विरोध. तोंडाशी गेलेलं बोट म्हणजे खोटेपणाची खूण. निष्कर्ष उघड आहे: सहा वर्षांची ती पोरं बाईंवर डूख धरून बसली आहेत आणि वर लबाडही आहेत.

हा तक्ता कुणी थट्टेसाठी रचलेला नाही. १९७० मध्ये अमेरिकेत जुलियस फास्ट यांच्या पुस्तकाने ही लाट आणली. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲलन पीझ यांनी तिला भरती आणली. हे गृहस्थ आधी विमा विकत असत, आणि विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात जे हवं असतं तेच त्यांच्या पुस्तकात आहे: हा आता सही करील की नाही? तिथून हे अर्थ जगभर पसरले आणि आपल्याकडेही आले. आज पुण्या-मुंबईत हॉटेलचा हॉल घेऊन दहा ते पाच कार्यशाळा होतात. चहा-बिस्किटं, जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मुलाखतीच्या तयारीत देहबोलीचा तास असतो. मोबाइलवर तर 'तो खोटं बोलतोय हे ओळखण्याच्या सात खुणा' दर दोन मिनिटांनी समोर येतात.

या धंद्यातले सगळेच भोंदू आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. बहुतेकांनी ऐकलेलं प्रामाणिकपणे पुढे सांगितलं आहे. पण ऐकीव गोष्ट शंभर वेळा प्रामाणिकपणे सांगितली तरी ती ऐकीवच राहते, आणि या गोष्टींवर माणसांच्या नोकऱ्या, अब्रू आणि कधी कधी स्वातंत्र्यही टांगलेलं असतं. म्हणून त्यांचे दावे एकेक करून तपासायला हवेत.

पहिला दावा आकड्याचा. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. कार्यशाळेच्या पहिल्या अर्ध्या तासात हा आकडा पडद्यावर झळकतोच. त्याचं मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत आहे. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणवून घेतले, काही गोड, काही तटस्थ, काही कडवट. दुसऱ्यात 'मेबी' म्हणजे 'कदाचित' हा एकच शब्द तीन सुरांत ध्वनिमुद्रित केला आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. प्रश्न असा होता की हे म्हणणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरं, अशा वेळी लोक कशावर विश्वास ठेवतात, हे मेहराबियन यांना पाहायचं होतं. दोन्ही प्रयोगांची बेरीज करून ७-३८-५५ निघालं. हे सूत्र फक्त भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्याला लागू आहे, इतर बोलण्याला नाही, हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट सांगितलं आहे. पडद्यावर आकडा येतो, ही अट येत नाही.

आणि प्रयोगशाळेत जायची तरी गरज काय? पुणे आकाशवाणीवरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत, तेव्हा निवेदकाचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. ५५ टक्के तिथेच गेले. मनीऑर्डरच्या कागदावर खाली चार ओळी लिहायला जागा असे. मुंबईच्या गिरणीतून कोकणात गेलेल्या त्या ओळींना सूरही नव्हता, म्हणजे उरले ७ टक्के. तेवढ्यावर घरात कोण आजारी आहे, भातलावणी झाली का, पुढचे पैसे कधी येणार, हे सगळं दोन्हीकडे नीट कळत होतं. शब्दांचा वाटा खरंच सात टक्के असता तर त्या घरांचे संसार चाललेच नसते.

दुसरा दावा जास्त घातक आहे. खोटं बोलणारा नजर चुकवतो. हा समज एकट्या भारताचा नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, की माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखता? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर हेच होतं. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी डोळ्यांचं नाव घेतलं. जगात इतकं एकमत फार थोड्या गोष्टींवर होत असेल. फक्त ते चुकीचं आहे. बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरचं संशोधन गोळा करून खोटेपणाच्या १५८ संभाव्य खुणा तपासल्या. नजर चुकवण्याचा खोटं बोलण्याशी सांगण्याजोगा संबंध सापडला नाही. बऱ्याच खुणांची तीच गत झाली, आणि ज्यांचा थोडाफार संबंध दिसला तोही अगदी क्षीण होता. २००६ मध्ये डीपाउलो आणि चार्ल्स बाँड यांनी चोवीस हजारांहून जास्त लोकांच्या निवाड्यांचा हिशेब मांडला. खरं-खोटं ओळखण्यात माणसं १०० पैकी ५४ वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तर ५० वेळा.

"सामान्य माणसाचं सोडा, जाणकाराला कळतं," हे यावरचं ठरलेलं उत्तर. तेही तपासून झालं आहे. चेहऱ्यावर निमिषभर उमटणाऱ्या सूक्ष्म भावांबद्दल ज्यांचा हवाला हमखास दिला जातो ते पॉल एकमन जाणकारांच्याच बाजूचे. त्यांनी मॉरीन ओसलिव्हन यांच्याबरोबर १९९१ मध्ये पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ वगैरेंची परीक्षा घेतली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसची माणसं वगळता कुणाचाच अंदाज नाणेफेकीच्या फारसा पुढे गेला नाही. फरक एवढाच, की आपलं बरोबरच आहे अशी खात्री जाणकाराला जास्त असते. डोळे वर उजवीकडे गेले की थाप आणि डावीकडे गेले की आठवण, हा कार्यशाळांमधला आणखी एक लाडका नियम. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याची तपासणी केली, तर हाती काहीच लागलं नाही.

आता नजर चुकवणारा तो खोटा, हा नियम आपल्याकडच्या घरात आणून पाहावा. "वर तोंड करून बोलतोस?" हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मूल मराठी मुलखात सापडणं कठीण. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवायची, डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे आव्हान देणं, हे न शिकवता शिकवलं जातं. गावाकडच्या सुनेला आणि शेतमजुराच्या मुलाला तर ते जास्तच पक्कं शिकवलं जातं, कारण तिथे नजरेला फक्त संस्काराचीच नाही, जातीची आणि सत्तेचीही शिस्त होती. कुणासमोर मान वर करायची आणि कुणासमोर नाही, यावरून या मुलखात माणसांनी मार खाल्ला आहे.

असा एक मुलगा सदाशिव पेठेतल्या खोलीत सराव-मुलाखतीला बसतो. टेबलापलीकडे तिघं जण. पाण्याचा ग्लास उचलायचा की नाही याचाही त्याला धसका. दुष्काळी भागातल्या टँकरबद्दल प्रश्न येतो. त्याला यातलं तिघांपेक्षा जास्त माहीत आहे, कारण घागरी घेऊन तो त्या रांगेत उभा राहिलेला आहे. तो सांगू लागतो, पण टेबलाच्या कडेकडे पाहत. टँकर कधी येतो, वाटेत किती पाणी कमी होतं, पहिला पाइप कुणाच्या घरी जातो, सगळं सांगतो. मुलाखत संपल्यावर हातात अभिप्रायाचा कागद येतो: 'आय कॉन्टॅक्ट कमी. आत्मविश्वास नाही.' टँकरबद्दल एक शब्द नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२५ गुणांपैकी व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात, हे त्याला पाठ आहे. त्या २७५च्या धास्तीने तो पुढचा महिनाभर आरशासमोर डोळे रोखून बसतो. तेवढ्या वेळात त्याने महाराष्ट्राचा भूजल कायदा वाचला असता.

इथे समर्थक म्हणतील, की जगाची रीत अशी आहे तर मुलाने ती शिकायला नको का? जरूर शिकावी. टाय बांधायला शिकतात तशी शिकावी, परक्या घरची रीत म्हणून. तक्रार शिकण्याबद्दल नाही. रिवाजाला मनाचा एक्स-रे म्हणून विकलं जातं, त्याबद्दल आहे.

चेहरा वाचण्याच्या या हौसेची किंमत किती मोठी होऊ शकते हे ऑस्ट्रेलियातल्या एका बाईच्या हकिकतीत दिसतं. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री लिंडी चेंबरलेन आणि तिचा नवरा मध्य ऑस्ट्रेलियात उलुरूच्या प्रचंड खडकाजवळ तंबू ठोकून राहिले होते. नऊ आठवड्यांची त्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानटी कुत्रा, तिला घेऊन गेला असं आई पहिल्या मिनिटापासून सांगत होती. पण टीव्हीवर ती शांतपणे बोलली. डिंगो शिकार कशी खातो हेही तिने न रडता समजावलं. देशभर चर्चा सुरू झाली: ही आई रडत का नाही? आपल्याकडे तिरडीभोवती जी कुजबुज होते, 'डोळ्यांत टिपूस नाही बघ', तीच, फक्त अख्ख्या देशाची. मोटारीत रक्त सापडल्याचा पुरावा न्यायालयात आला. १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. तेव्हा ती गरोदर होती, आणि पुढची मुलगी तिने कैदेत असतानाच जन्माला घातली. १९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागी अझारियाचं छोटं जाकीट मिळालं आणि लिंडी सुटली. मोटारीतलं ते 'रक्त' म्हणजे बव्हंशी आवाज दाबण्यासाठी कारखान्यात मारलेला थर होता. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळे झाला असं सरकारी कागदावर यायला २०१२ साल उजाडलं. दोष एकट्या चेहऱ्याचा नव्हता, फॉरेन्सिकवाल्यांनीही माती खाल्ली होती. पण त्या फॉरेन्सिकवर लोकांचा चटकन विश्वास बसला, कारण चेहऱ्याने निकाल आधीच दिला होता.

भारतातल्या कायद्यातही चेहऱ्याला जागा आहे. साक्षीदाराच्या हावभावांबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावं, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तरी तीत ही तरतूद कायम आहे. हेतू वाईट नाही. पण जन्मात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेली, काळे डगले पाहूनच गांगरलेली बाई पिंजऱ्यात उभी राहून पदराशी चाळा करते, तेव्हा तो चाळा कशाची साक्ष देतो? कोर्टाच्या भीतीची, फार तर. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, ब्रेन मॅपिंग आणि लाय डिटेक्टर या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निर्णय दिला. लाय डिटेक्टर तरी काय मोजतो? श्वास, रक्तदाब, तळहाताचा घाम. तोही देहबोलीचाच वाचक, फक्त त्याला वायरी लावलेल्या असतात. आणि घाबरलेला निरपराध व निर्ढावलेला गुन्हेगार यांतला फरक त्याला खात्रीने सांगता येत नाही.

सरकारं मात्र या हौसेवर पैसा ओतायला मागे हटत नाहीत. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने प्रवाशांचे हावभाव पाहून संशयित हेरण्यासाठी खास अधिकारी नेमले. २००७ पासून जवळपास ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं, की अशा हेरगिरीची अचूकता योगायोगाइतकी किंवा तीहून जराशी बरी आहे, तेव्हा निधीला कात्री लावा. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केलं, की रस्त्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर त्रास दिसला की सूचना देणारे कॅमेरे लावू. दुपारच्या उन्हात, हातात पिशव्या, कडेवर मूल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर दुसरं काय दिसणार होतं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या मुलाखती घेणाऱ्या कंपनीने उमेदवाराच्या चेहऱ्याचं संगणकी विश्लेषण थांबवल्याचं सांगितलं. युरोपीय संघाने तर कामाच्या जागी आणि शाळा-महाविद्यालयांत असं भावना-वाचन फेब्रुवारी २०२५ पासून बंदच केलं, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून.

एवढं झाल्यावर विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो टाळणं बरोबर नाही. रोजच्या आयुष्यात माणसं एकमेकांना वाचतातच की! बाळ भुकेने रडतंय की पोटात दुखून, हे आईला कळतं. एसटीच्या कंडक्टरला तिकीट न काढलेला प्रवासी कळतो. भाजीवालीला कळतं की हे गिऱ्हाईक घेणार, हे नुसतं मेथीच्या जुड्या उलथ्यापालथ्या करून जाणार.

खरं आहे. नुसती माणसंच नाहीत, जनावरंही वाचतात. दारावर नंदीबैल येतो. "पाऊस पडेल का, सांग बाबा?" बैल मान डोलावतो. त्याला धन्याचा इशारा कळतो, पावसातलं काही कळत नाही. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा घोडा गणितं सोडवत असे. खूर आपटून बेरजा, वजाबाक्या, तारखा सांगे. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने पाहणी केली, तर लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर हलायचं, आणि घोडा थांबायचा. मालकाला याचा पत्ताच नव्हता. खुद्द फुंग्स्टला हे कळल्यावरही ती हालचाल दाबणं जड गेलं. तेव्हा शरीर बोलतं, यात वाद नाही.

पण हान्सला काय वाचता येत होतं ते नीट पाहायला हवं. 'थांब' ही एक खूण. रोजच्या सरावातली, चुकलं-बरोबर लगेच कळणारी, बरोबर आलं की गाजर देणारी. आईचंही तसंच. एकाच बाळासोबत दिवसरात्र काढल्यावर, दहा वेळा चुकून, अकराव्यांदा ती बरोबर येते. शेजारणीचं बाळ दिलं की तिचाही गोंधळ होतो. कंडक्टरकडे तर चेहऱ्याखेरीज तिकिटांचा हिशेब असतो. या ज्ञानाला ओळख लागते, जागा लागते, वेळ लागतो. दहा ते पाचच्या कार्यशाळेत ते हातात देता येत नाही.

मराठीने या गोष्टीला दिलेलं नाव या बाबतीत फार शहाणं आहे. देहबोली. बारा कोसांवर बदलते तीच ही बोली, आणि बोलीला जगभर चालणारा एकच प्रमाणकोश नसतो. मान डावी-उजवीकडे जराशी हलवली तर आपल्याकडे तिचा अर्थ हो, बरं, कळलं, चालेल, बघू, यांपैकी काहीही असतो. नवा आलेला परदेशी माणूस चक्रावतो, आपण नाही. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकी माणसाच्या खासगी अंतराचं माप दिलं: अठरा इंचांच्या आत फक्त जिवलगांनी यावं. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये एका चौरस मीटरवर चौदा-सोळा माणसं असतात. हॉल यांचं माप धरलं तर त्या डब्यात सगळेच एकमेकांचे जिवलग ठरतात. प्रत्यक्षात तिथे नजर शून्यात लावण्याची आणि खांदा फिरवून वाट देण्याची वेगळीच शिस्त आहे, आणि ती मोडणाऱ्याला ओळखायला पश्चिम रेल्वेच्या बायकांना कुठलंही पुस्तक लागत नाही.

जिथे शरीराच्या खुणा अचूक चालतात तिथे त्या आधी ठरवलेल्या असतात. बैलबाजारात दलाल हात हातात घेतो, वरून रुमाल टाकतो आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवती गर्दी असते, पण कानोकान खबर नाही. कुठलं बोट किती रुपये, हे दोघांनाही ठाऊक असतं. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत रिंगणातले सौदे आरडाओरड आणि हातांच्या इशाऱ्यांवर होत. कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषा तर पुरी भाषाच आहे, तिला शब्द आहेत, व्याकरण आहे. शाळेतली हाताची घडीही याच जातीची. करार आहे म्हणून अर्थ आहे. करार नसताना अनोळखी माणसाच्या बोटांतून भाव काढू पाहणाऱ्याला बाजारात लोक खुळा म्हणतील.

गंमत अशी, की देहबोलीचे आपल्याकडचे प्रचारक भरतमुनींचं नाव मोठ्या अभिमानाने घेतात. नाट्यशास्त्रात मस्तकाच्या तेरा हालचाली आणि छत्तीस दृष्टी आहेत, तेव्हा हे शास्त्र मूळचं आपलंच, असं सांगतात. त्यांनी तो ग्रंथ जरा पुढे वाचावा. एक तर तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यात करार आहे. नट कळावं म्हणूनच करतो. आंगिक अभिनय हा चारांपैकी एक, वाचिक दुसरा, आणि शब्दाला तर भरताने नाट्याचं शरीर म्हटलं आहे. सात टक्के नव्हे! दुसरं जास्त महत्त्वाचं. सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव येतात, म्हणजे आपसूक उमटणाऱ्या खुणा: घाम, कंप, रोमांच, अश्रू वगैरे. तिथे भरत एका खुणेला एक अर्थ चिकटवत नाही, कारणांची यादी देतो. घाम रागाने येतो, भयाने येतो, आनंदाने, लाजेने, श्रमाने, आजाराने, उकाड्यानेही येतो. डोळ्यांत पाणी शोकाने येतं तसं हर्षाने येतं, धुराने येतं, काजळाने येतं, जांभईने येतं, एकटक पाहिल्याने आणि थंडीनेही येतं. चूल फुंकणाऱ्या बाईचे डोळे आणि विधवा झालेल्या बाईचे डोळे सारखेच ओले दिसू शकतात, हे ज्याला ठाऊक होतं त्याचं नाव पुढे करून 'सात खुणा' विकल्या जातात.

कार्यशाळांतल्या ताकदीच्या पवित्र्याचा, म्हणजे 'पॉवर पोज'चा विषय दोन वाक्यांत आटपण्यासारखा आहे. अंग ऐसपैस पसरून दोन मिनिटं रुबाबात राहिलं की अंगातली संप्रेरकं बदलतात आणि धाडस वाढतं, हा २०१० चा निष्कर्ष ४२ जणांवर काढला होता; २०१५ मध्ये २०० जणांवर तसाच प्रयोग केल्यावर संप्रेरकांवरचा परिणाम नाहीसा झाला, आणि मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डाना कार्नी यांनी २०१६ मध्ये आपला यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. कार्यशाळांमधला तो पवित्रा अजून जागेवर आहे.

या सगळ्यात भरडला कोण जातो? पार्किन्सन झालेल्या माणसाचे चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. नातू पहिल्यांदा चालला तेव्हा आजोबा आनंदात असतात, घरचे म्हणतात, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. स्वमग्न मुलाला डोळ्यांत पाहणं जड जातं, बाईंना तो उर्मट वाटतो. तोतरा बोलणारा लपवाछपवी करणारा ठरतो, दुःख गिळणारी बाई निगरगट्ट ठरते. उलट सराईत ठकसेन डोळ्यांत डोळे घालून, तळहात उघडे ठेवून, मोकळं हसून बोलतो, कारण तीच पुस्तकं त्यानेही वाचली आहेत. चिट फंडात बुडालेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारावं. एजंट फार सज्जन वाटला होता, हेच उत्तर मिळेल.

मग शिकायचंच नाही का? शिकावं, पण उलट टोकाकडून. अल्डर्ट फ्राय यांच्यासारखे संशोधक आता चुळबुळ मोजण्यापेक्षा प्रश्न नीट विचारण्यावर भर देतात. माणसाला सलग बोलू द्यावं, अनपेक्षित तपशील विचारावा, सांगितलेलं बाहेर पडताळता येतं का ते पाहावं. इंग्लंडच्या पोलिसांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपासून चौकशीची पद्धत बदलली, तीही याच दिशेने: दरडावणं कमी, ऐकणं जास्त. आणि ओळखीच्या माणसाचं वागणं एकाएकी बदललं, बडबड्या मुलगा जेवताना गप्प झाला, कामवाली मावशी नेहमीचं हसली नाही, तर ती खूण मोलाची आहे. तिचा अर्थ एवढाच, की काहीतरी झालं आहे. काय झालं, ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी "काय गं, बरं नाही का?" असं विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसणाऱ्यांना एवढीच विनंती. पुढचा उमेदवार हाताची घडी घालून बसला, तर अभिप्रायाच्या कागदावर पेन टेकवण्याआधी खोलीतला एसी किती अंशांवर आहे तेवढं पाहा, आणि मग त्याला टँकरबद्दल विचारा.